पुण्याच्या बागेतील वॉटर लेट्यूस

पुण्यात बंगल्यांच्या आवारात, सोसायट्यांच्या बागांत आणि आता गच्च्यांवरही लहान तळी दिसू लागली आहेत. मासे सोडल्यावर काही आठवड्यांतच त्यांतील पाणी हिरवे पडू लागते आणि उपाय म्हणून वॉटर लेट्यूस या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीची दोन-तीन रोपे आणली जातात. हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंतच्या रोपवाटिकांत ही वनस्पती याच नावाने ओळखली जाते. पिस्टिया स्ट्रॅटिओटीस हे तिचे शास्त्रीय नाव असून ती आपल्या अळूच्या आणि सुरणाच्या कुळातली आहे.

रोप हातात घेऊन नीट पाहावे. पानांवर दाट, बारीक लव असते. तिच्यात हवा अडकून राहते, त्यामुळे पान पाण्यात दाबून सोडले तरी ते कोरडेच वर येते. खाली मुळांचा घनदाट झुबका लोंबत असतो. माशांची पिल्ले त्यात आसरा घेतात.

ही मुळे मातीवाचून, थेट पाण्यातूनच नायट्रोजन आणि फॉस्फरस शोषून घेतात. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून येणारी ही द्रव्ये शेवाळाचेही अन्न असतात. ती कमी झाली आणि वरून पानांची सावली पडली, की पाणी हळूहळू निवळते. मात्र शोषलेली द्रव्ये नाहीशी होत नाहीत, ती रोपातच साठतात. रोप तळ्यातच कुजले तर ती पुन्हा पाण्यात मिसळतात. म्हणून वाढलेली रोपे नियमितपणे बाहेर काढणे हाच या लागवडीचा खरा गाभा आहे, आणि नेमके तेच काम बहुतेक ठिकाणी राहून जाते.

रोपाला धावत्या खोडांवर नवी रोपे फुटतात आणि पाहता पाहता सारे पाणी झाकले जाते. मग खाली ऑक्सिजन कमी पडून मासे गुदमरतात. अर्धा पृष्ठभाग तरी मोकळा असावा. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीला टेकतो तेव्हा, दुपारच्या उन्हाने पाने करपतात, म्हणून झाडाची विरळ सावली किंवा शेडनेट हवे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावते.

डासांच्या बाबतीत विशेष जागरूक राहावे. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या श्वासासाठी पृष्ठभागावर येत नाहीत. त्या अशा वनस्पतींच्या मुळांना टोचून तिथूनच हवा घेतात. केरळमध्ये हत्तीरोगाच्या प्रसाराशी या डासांचा संबंध आढळला आहे. गप्पी मासे जरूर सोडावेत, पण दाट मुळांत लपलेल्या अळ्यांपर्यंत ते पोहोचतीलच असे नाही. तिथे रोपे विरळ करण्याला पर्याय नाही.

काढलेली रोपे दोन दिवस उन्हात वाळवून, कोरड्या पाचोळ्यात मिसळून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावीत. त्यांत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असल्याने मोठा ढीगही लवकर बसतो. अळूप्रमाणे यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. हाताला खाज येत असेल तर हातमोजे वापरावेत.

मुळा-मुठेवर आणि पाषाण तलावात जलपर्णीने काय केले आहे, हे पुणेकर दरवर्षी पाहतात. वॉटर लेट्यूसही तशाच वेगाने पसरू शकते. पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या तळ्यातील एखादे रोपही गटारातून रामनदीत किंवा आंबील ओढ्यात पोहोचू शकते. म्हणून जून उजाडण्यापूर्वीच तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावून घ्यावी आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर ती साफ करावी.