आधी खरवड, मग थेंब

पत्रिकेवर विषय छापलाय ‘बुबुळाचा हट्टी बुरशीसंसर्ग : उपचार’. उपचारांकडे येतोच, पण आधी खरवडीबद्दल बोलू द्या. खरवड म्हटलं की आपल्याला बासुंदीच्या पातेल्याचा तळ आठवतो, तिच्यासाठी भावंडं भांडतात. माझी खरवड मोहरीच्या दाण्याहून लहान आहे. भुलीचा थेंब घालून, १५ नंबरच्या ब्लेडनं बुबुळावरच्या जखमेच्या तळातून आणि कडेवरून काढलेली. काचपट्टीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि पाच-दहा मिनिटं दम धरायचा. बुरशी असेल तर बहुतेक वेळा तिचे तंतू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतात. तुम्ही नेत्रतज्ज्ञ, रोज स्लिट लॅम्पवर डोळे तपासायला बसणारी माणसं, हे तुम्हाला मी शिकवायला नको. तरीही ओपीडीत गर्दी असली की पहिली काट या तपासणीलाच बसते.

माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या. बीडकडच्या, ऊसतोडीला आलेल्या. उसाचं पातं डोळ्याला लागून १९ दिवस झाले होते. पदर डोळ्यावर घट्ट धरलेला. नवऱ्यानं खिशातून बाटली काढली. म्हणाले, “सायब, ह्यानं पहिले दोन दिस लई बरं वाटलं बघा.” बाटलीत अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. काउंटरवरून मिळालेली, चिठ्ठी नाही, काही नाही. दोन दिवस बरं वाटणारच. स्टेरॉइडनं लाली उतरते, ठणका कमी होतो, आणि बुरशीला आवरणारी शरीराची फौजही झोपते. पदर बाजूला केला तर मधोमध करडा, कोरडा डाग, कडा पिंजलेल्या कापसासारख्या, शेजारी दोन लहान ठिपके, खाली घट्ट पू. कल्चरमध्ये फ्युजारियम नावाची बुरशी आली.

मी दाखल व्हा म्हणालो. त्यांनी विचारलं, “कोयता कधी धरू?” उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण बसला तर दुसऱ्याचं काम अडतं, खाडा लागतो. त्या आधी का आल्या नाहीत, हे मला तिथं कळलं. पुढं बुबुळ बदलावं लागलं. डोळा राहिला, नजर बोटं मोजण्यापुरती. पहिल्या दिवशी कुणी खरवड घेतली असती तर, हे मला आजही छळतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. तर उपचार, भरभर.

पहिलं औषध नाटामायसिनचे थेंब, ५ टक्के. १९५५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नातालच्या मातीतून सापडलेलं. व्होरिकोनाझोल हे दुसरं बुरशीविरोधी औषध नवं म्हणून सरस, असं वाटायचं. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर तुलना झाली, २०१३ मध्ये निष्कर्ष आले : नाटामायसिन सरस, फ्युजारियममध्ये तर ठळकपणे. २०१६ च्या दुसऱ्या चाचणीत तोंडावाटे व्होरिकोनाझोल जोडून एकंदरीत फायदा दिसला नाही. गोळ्या लिहिताना रुग्णाच्या खिशाचा आणि यकृताचा विचार करा.

मग संसर्ग हट्टी का होतो? नाटामायसिन खोल शिरत नाही. म्हणून पुन्हा खरवडा : वरचा मृत थर निघाला की औषधाला वाट मिळते. हे थेंब गाळासारखे खाली बसतात, बाटली हलवायला रुग्णाला स्वतः करून दाखवा. सुरुवातीला जागेपणी दर तासाला. खोल डागाभोवती व्होरिकोनाझोलचं इंजेक्शन, ०.१ मिलिलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम, पण निवडक डोळ्यांतच. बुरशी कँडिडा जातीची असेल तर अँफोटेरिसिन. डाग बुबुळाच्या कडेकडे सरकतोय असं दिसलं तर थांबू नका, पांढऱ्या भागात उतरण्याआधी प्रत्यारोपण करा. आणि त्यानंतर लगेच सवयीनं स्टेरॉइड लिहू नका, बुरशी मागं राहिलेली असू शकते.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या लहान बाटल्या आणि काचपट्ट्या दाराशी टेबलावर ठेवल्यात. ज्यांच्या ओपीडीत नाहीत त्यांनी जाताना घेऊन जा.