मावशीचं कॅलेंडर

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ताप गेल्यावर मागं राहणाऱ्या थकव्याबद्दल, पण आधी माझ्या मावशीच्या कॅलेंडरची गोष्ट ऐका.

मावशी सांगलीत गावभागात राहते. मागच्या पावसाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात तिला चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, सांधे दिवाळीपर्यंत मोकळे झाले, थकवा मात्र काही हलेना. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर सगळं नॉर्मल, मग घरातले म्हणायला लागले मनाचं आहे, आणि एका डॉक्टरांनी सांगितलं रोज कृष्णेच्या घाटावर चाला, थोडं थोडं वाढवत न्या. ती बिचारी चालली आणि जास्तच आजारी पडली.

शिमगा झाल्यावर घरात कुरडयांचा घाट घातला. कुरडई घरचीच हवी, विकतची नुसती फुगते, चव कसली नाही, हे माझं कायमचं म्हणणं आहे. तर गहू तीन दिवस भिजले, चौथ्या दिवशी मावशी म्हणाली, आज बरं वाटतंय, आणि पहाटेच चीक हाटायला उभी राहिली. पातेलं उतरेपर्यंत हाटलं, सोऱ्या फिरवला, गच्चीवर साडी अंथरून कुरडया घातल्या, दुपारी हसतखेळत जेवली. आम्हाला वाटलं, गेलं दुखणं! दुसरा दिवसही बरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर कॉटवर कंगवा धरून बसलेली. म्हणाली, "वेणी घालून दे गं, हात वर जात नाहीत." खिडक्या बंद, कुणी बोललेलं सोसेना. नऊ दिवस तशीच होती.

त्या दिवसांत दुधाचा हिशेब मीच करत होते, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं तर त्यात लाल फुल्या. अंथरुणातून उठणं जमलं नाही त्या दिवशी मावशीनं फुली मारलेली. मोबाईलमध्ये हे कुणाला दिसलं असतं? संक्रांतीचं हळदीकुंकू, दोन दिवसांनी फुली. मिरजेचं लग्न, दोन दिवसांनी फुली. घाटावर लांब चालली, पुन्हा फुली.

कष्ट आज, फटका परवा. परत सांगते, कष्ट आज, फटका परवा. थकवा सहा महिन्यांवर टिकला आणि असा फटका बसत असेल तर तो क्रॉनिक फटीग सिंड्रोम नावाचा आजार असू शकतो, आणि 2015 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनं हा फटका म्हणजेच या आजाराची मुख्य खूण म्हणून सांगितलं. अशा पेशंटना लागोपाठ दोन दिवस सायकल मारायला लावली तर दुसऱ्या दिवशी ताकद घसरलेली मशीनवर दिसते. आळशी माणसाची तशी घसरत नाही हो!

ऑस्ट्रेलियात डब्बो भागात संसर्गानं आजारी पडलेल्या 253 पेशंटवर लक्ष ठेवलं होतं, त्यात चिकुनगुनियाच्याच जातकुळीतल्या रॉस रिव्हर विषाणूचेही होते. सहा महिन्यांनी शंभरातले अकराएक जण या आजारात अडकले. कोण अडकणार ते ठरलं पहिलं दुखणं किती जोराचं होतं त्यावर, स्वभावावर नाही. मनाचं आहे म्हणणाऱ्यांनी हे ऐका.

आणि ते रोज वाढवत न्यायचं चालणं, ते ब्रिटनमध्ये डॉक्टरांना उपचारांचा सल्ला देणाऱ्या नाईस संस्थेनं 2021 मध्ये या आजारासाठी सांगायचं बंद केलं. खात्रीचं औषध अजून नाही. अंगात आहे त्याच्या आत काम करायचं, बरं वाटलं त्या दिवशी तर जास्तच जपून.

यंदा मावशी सोऱ्याजवळ खुर्ची टाकून बसली. चीक सुनेनं हाटला, मावशीनं बोटावर घेऊन बघितला आणि म्हणाली, "अजून दोन मिनिटं."