पैसे गेले, रिचार्ज कुठाय?

(पुण्यात कर्वेनगर भागातल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर एका मोबाईल दुकानदाराने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. न्यायमूर्ती रानड्यांनी या शहरात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तेव्हापासून पुणेकर कुठल्याही विषयावरचं व्याख्यान ऐकून घेतात, असा आपला लौकिक आहे. आज त्याची परीक्षा आहे. विषय आहे, मोबाईलचं रिचार्ज.

मी व्याख्याता नाही, दुकानदार आहे. वडिलांचा एसटीडी बूथ होता, त्याच गाळ्यात मी कूपनं विकायला लागलो, मग रिचार्ज मारायला लागलो. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायचो आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण यूपीआयनं माझं गिऱ्हाईक पळवलं ते बरोबर त्याच तीन तासांत, हे मान्य करतो. म्हणजे ज्या गोष्टीनं माझा धंदा खाल्ला, तीच तुम्हाला शिकवायला मी इथे उभा आहे. संयोजकांना यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

थोडं मागे जाऊ. आपल्या देशात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्यातून बोलले, दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम. तेव्हा आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. आता नातवंडांना सांगितलं तर खोटं वाटतं. २००३ साली इनकमिंग फुकट झालं, तोवर आपण मिस्ड कॉलची एक अख्खी भाषा तयार केली होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर.

मग कूपन. नाण्यानं चंदेरी पट्टी खरवडायची आणि खालचे आकडे दाबायचे. आजोबा मंडळी इतक्या जोरात खरवडायची की आकडाच निघून यायचा, मग मी भिंगातून वाचून द्यायचो. त्यानंतर आलं लापू. आम्हा दुकानदारांकडे एक वेगळं सिम असायचं, त्याला लापू म्हणायचं. डिस्ट्रिब्युटरकडून त्यात बॅलन्स भरून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाचा नंबर वहीत लिहून त्यातून पाठवायचा. शंभराला तीनेक रुपये सुटायचे. ती वही हा एक वेगळाच विषय आहे. कॉलेजच्या मुली वहीत नंबर लिहायला का कचरायच्या, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ऑनलाइन रिचार्जनं त्यांची त्यातून सुटका केली, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

एकदा माझ्या हातून एक आकडा चुकला आणि अडीचशेचं रिचार्ज साताऱ्याकडच्या कुणा गृहस्थांना गेलं. मी फोन लावला, चूक सांगितली. ते म्हणाले, "सकाळपासून बॅलन्स नव्हता, म्हटलं देव पावला." पैसे काही परत दिले नाहीत. मी माझ्या गिऱ्हाइकाला पदरचं रिचार्ज मारून दिलं. का? कारण तो समोर उभा होता. गल्ल्यावर माणूस होता आणि भांडायला जागा होती.

आता गल्ल्यावर माणूस नाही. तुम्ही फोनवर बटण दाबता, बँकेचा मेसेज येतो की इतके रुपये गेले, आणि रिचार्ज काही येत नाही. माझ्याकडे आजही लोक येतात ते याच तक्रारीसाठी. म्हणून पैसे कसे भरायचे ते मी शिकवणारच नाही, ते तुमची नात दोन मिनिटांत शिकवेल. पैसे अडकले तर ते कुणाच्या हातात आहेत, हे कसं ओळखायचं तेवढं सांगतो.

यात तीन हात आहेत. एक तुमची बँक. दुसरं ते ॲप, ज्यातून तुम्ही पैसे भरता. तिसरी मोबाईल कंपनी. पैसे बँकेतून निघतात, ॲपवाल्याकडे जातात, तो कंपनीला सांगतो की या नंबरवर हा पॅक टाका. यातला कुठलाही हात मध्येच थबकू शकतो.

काही अडकलं तर आधी ॲपची पावती उघडा. तिथे बारा आकड्यांचा एक क्रमांक असतो, यूपीआय रेफरन्स किंवा यूटीआर असं लिहिलेलं असतं. तो कागदावर उतरवून घ्या. वर 'पेंडिंग' लिहिलं असेल तर काहीही करू नका. पुन्हा बटण दाबू नका, हे मी हात जोडून सांगतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी घाबरून तीनदा दाबलं. संध्याकाळी तिन्ही रिचार्ज पोचले आणि ८४ दिवसांचे तीन पॅक एकामागे एक रांगेत लागले. काकू म्हणाल्या, "आता मला तेवढं जगायला हवं." जगल्या हो, ठणठणीत आहेत, पहिल्या रांगेत बसल्यात.

खात्यातून पैसे गेले, पण व्यवहार पुरा झाल्याचं समोरच्या व्यापाऱ्याकडे पोचलंच नाही, तर काय? रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी नियम केला. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप खात्यात परत यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती मागावी लागू नये, असंही त्यात आहे. मागावी लागते, तो भाग वेगळा. पण पावतीवर पैसे 'यशस्वी' आणि रिचार्ज 'अयशस्वी' असं दिसत असेल, तर बँकेत जाऊन रांग लावू नका. पैसे ॲपवाल्याकडे आहेत, परत तोच करणार, तक्रार त्याच ॲपमध्ये करायची. आणि दोन्ही यशस्वी असूनही फोन लागत नसेल, तर कंपनीला १९८ वर फोन करा. हा तक्रारीचा नंबर आहे, फुकट लागतो. तक्रार नोंदली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या.

हे नंबर मी इतका जोर देऊन का सांगतोय? गेल्या पावसाळ्यात एक काका दुकानात आले, फोन कानाला. रिचार्ज अडकलं होतं. त्यांनी इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधलं आणि पहिला दिसला तो नंबर फिरवला. पलीकडचा माणूस इतकं गोड बोलत होता की काकांनी मला हातानंच थांबायची खूण केली. त्याच्या सांगण्यावरून त्यांनी एक ॲप टाकलं होतं. काकांच्या स्क्रीनवर जे दिसेल ते आता त्यालाही दिसत होतं. मी फोनमध्ये डोकावलो तर यूपीआयचा पिन टाकायची पाटी उघडी. तो म्हणत होता, "रिफंड घेण्यासाठी पिन टाका सर." मी फोन हिसकावून सरळ बंद केला. काका माझ्यावर चिडले, म्हणाले, "अहो, तो पैसे देत होता!" यूपीआयचा पिन टाकला की खात्यातून पैसे जातात. खात्यात पैसे यायला पिन कधीच लागत नाही. काकांचा पिन टाकायचा राहिला होता म्हणून वाचले. कुणाचे गेलेच असतील तर त्याच मिनिटाला १९३० फिरवा, सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. लाजेपायी दोन दिवस घालवले तर पैसे दहा खात्यांतून फिरून निघून गेलेले असतात.

आता एक जुना हिशेब चुकता करतो. दहाचा टॉपअप मारला की गिऱ्हाइकाला ७ रुपये ४७ पैसे टॉकटाइम मिळायचा आणि अडीच रुपये मी खाल्ले असा संशय माझ्यावर यायचा. तर ऐका. दहा रुपयांत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तो काढला की उरतात ८ रुपये ४७ पैसे. त्यातून कंपनी एक रुपया प्रोसेसिंग फी घेते. झाले ७.४७. शंभराचं बघा, कर काढून ८४.७५, फी तीन रुपये, हातात ८१.७५. ही फी टॉपअपच्या दहा टक्के किंवा तीन रुपये, यातली कमी असेल तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, असा ट्रायचा, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचा नियम. मी निर्दोष आहे, हे एवढ्या लोकांसमोर सांगायची संधी मला आज मिळाली.

टॉपअपवरून आणखी एक. नुसता टॉकटाइम टाकून सिमची मुदत वाढत नाही. खात्यात ऐंशी रुपये दिसतात आणि फोन जात नाही, ही तक्रार निम्म्या वेळा तिथली असते. मुदतीचा पॅक वेगळा मारावा लागतो.

आणि ती मुदत म्हणजे २८ दिवस! कंपन्यांच्या पंचांगात बाराही महिने फेब्रुवारी असतो. ३६५ ला २८ नं भागा, वर्षाला तेरा रिचार्ज होतात. आपला अधिक महिना साधारण तीन वर्षांनी एकदा येतो, यांचा दर वर्षी येतो आणि वाण द्यायचं ते कंपनीला. यावर ओरड झाली तेव्हा ट्रायनं २०२२ मध्ये सांगितलं की प्रत्येक कंपनीनं किमान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा होणारा ठेवलाच पाहिजे. तुम्ही ॲप उघडता तेव्हा तो पहिल्या पानावर दिसत नाही. खाली खाली जात राहा. ज्यांना इंटरनेट नकोच आहे, त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही ठेवायला डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं भाग पाडलं. तेही असेच तळाशी असतात. आजींना रोज दीड जीबी कशाला हवंय?

पोस्टपेडवाल्यांना फार सांगण्यासारखं नाही. ऑटोपे, म्हणजे बिलाचे पैसे आपोआप कापायची सोय, लावलं असेल तर कमाल रकमेची मर्यादा घालून ठेवा आणि पैसे कापायच्या आधी येणारा मेसेज वाचत जा.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र अजून सांगायचंय. या हॉलमध्ये मुलं अमेरिकेत असलेले किती जण? हात वर करा... अर्धा हॉल, अपेक्षित होतं. तुम्ही सहा महिने तिकडे जाता. जाताना गॅस बंद करता, पेपर बंद करता, दूधवाल्याला सांगता. सिमचं काय करता? ट्रायचा नियम असा की प्रीपेड नंबर नव्वद दिवस अजिबात वापरला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. वापर म्हणजे एखादा कॉल, एखादा एसएमएस, काहीही चालतं. खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून नंबर आणखी टिकवायची सोय आहे, पण तिच्या भरवशावर बसू नका. बंद झालेला नंबर काही काळानं दुसऱ्याला दिला जातो. आणि तुमची बँक, गॅस, पेन्शन, सगळे ओटीपी त्याच नंबरवर. तुम्ही न्यू जर्सीत बर्फ बघताय आणि ओटीपी कुणा तिसऱ्याच्याच खिशात वाजतोय. म्हणून निघायच्या आधी वर्षाचा पॅक मारा, रोमिंग चालू करून घ्या आणि ते सिम फोनमध्येच राहू द्या. तिकडचं सिम घालताना आपलं काढून पाकिटात ठेवतात, आणि ते पाकीट पुढे सापडत नाही. नवं सिम मिळायला परत माझ्याच दुकानाशी येता.

कुणी हात वर केलाय, बोला ताई. ...ताई विचारतायत, मुलाचा मुंबईचा नंबर आहे, पुण्यातून भरताना सर्कल कुठलं निवडायचं. चांगला प्रश्न आहे. मोबाईलच्या नकाशात मुंबई वेगळी आणि 'महाराष्ट्र व गोवा' वेगळं. मुलगा पुण्यात राहायला आला म्हणून नंबरचं सर्कल बदलत नाही, नंबर मुंबईत घेतलेला असेल तर साधारणपणे मुंबईच. कंपनी कुठली, तेही सुरुवातीच्या आकड्यांवरून ठरवू नका. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळे आकड्यांवरून आता काही कळत नाही. ॲप बहुतेक वेळा दोन्ही स्वतःच ओळखतं. तरी पैसे भरायच्या आधी वरची ओळ मोठ्यानं वाचा. नंबर, कंपनी, सर्कल, रक्कम. नंबर चुकला तर ते रिचार्ज परत मिळत नाही, आणि साताऱ्याच्या त्या गृहस्थांसारखं फोन उचलून निदान खरं बोलणारं कुणी भेटेल, याची खात्री नाही.

आणखी कुणाचं रिचार्ज अडकलंय का आत्ता? चहा येतोय तोवर फोन घेऊन या इकडे. चष्माही आणा, तो बारा आकडी नंबर फार बारीक छापतात.