राख कुठं टाकता?

(परभणीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, व्याख्यानमालेत शेतीवर बोलतात, संतसाहित्यावर बोलतात, मधुमेहावर तर दरवर्षी बोलतात. खेळण्यातल्या आगगाडीवर बोलायला एका निवृत्त माणसाला बोलावलं म्हणजे संयोजकांना यंदा वक्ता मिळाला नसावा. असो. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवायचो, आणि माझे वडील पूर्णेच्या लोको शेडमध्ये, म्हणजे इंजिनांच्या शेडमध्ये, फायरमन होते, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे. आज बोलायला माझ्याकडे एवढीच दोन कारणं आहेत.

माझी सुरुवात चुकीची झाली, ती आधी सांगतो. निवृत्तीनंतर प्लायवूडच्या फळीवर रुळांचं एक लांबट कडं केलं, मध्ये एक स्टेशन, एक बोगदा. आता परभणी-पूर्णा पट्ट्यात बोगदा कुठला? पण परदेशी चित्रांत असतो म्हणून केला. गाडी सोडली, गोल फिरायला लागली. नातवंडं खूश. एक दिवस वडिलांच्या बरोबरीचे एक चाचा आले. आयुष्यभर वाफेवर ड्रायव्हर होते. खुर्चीत बसून त्यांनी दोन फेऱ्या बघितल्या आणि विचारलं, "फिर? आगे?"

पुढं काही नव्हतंच. तिसरी फेरी होती.

मी सारवासारव केली, "चाचा, आता शेड करणार आहे, पूर्णेसारखं." त्यांनी फळीच्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघून विचारलं, "राख कुठं टाकता?"

त्या एका प्रश्नानं माझं अख्खं कडं मोडीत निघालं.

गाडीचं काम आपल्याला प्लॅटफॉर्मवरून दिसतं, म्हणून आपण ती धावताना बनवतो. वाफेच्या इंजिनाचं निम्मं आयुष्य मात्र थांबण्यात जायचं, आणि त्या थांबण्यात माणसं राबायची. गाडीपासून सुटून इंजिन शेडकडं आलं की आधी राखेच्या खड्ड्यावर. खाली खड्डा, वर रूळ. लांब आकड्यांनी भट्टीतले क्लिंकर, म्हणजे राखेचे घट्ट झालेले गोळे, फोडायचे, राख खाली पाडायची, पुढच्या धूरपेटीतली काजळी ओढायची, पाणी मारून विझवायचं. मग कोळसा. मग पाणी. मग वाळू, कोरडी वाळू, कारण चढावर चाकं घसरली की रुळावर वाळू सोडावी लागते. (हल्ली मॉडेलपुरती मूठभर वाळू आणायचीही भीती वाटते, कुणी ट्रॅक्टर समजून अडवायचं.) मग टर्नटेबलवर, म्हणजे रूळ बसवलेल्या फिरत्या पुलावर, तोंड फिरवायचं, तपासणीच्या खड्ड्यावर फिटरनं खालून बघायचं, आणि शेवटी शेडमधल्या आपल्या जागेवर. क्रम शेडगणिक थोडा इकडंतिकडं व्हायचा, पण क्रम असायचाच. थंड बॉयलरला पुन्हा वाफेवर आणायचं म्हणजे लाकडं आणि तेलात भिजवलेलं कॉटन वेस्ट पेटवून कित्येक तास. सकाळच्या गाडीसाठी रात्रीच लाइटअप. आमच्या घरी ड्यूटीचं बोलावणं घेऊन कॉल बॉय सायकलवर यायचा, वही पुढं करायचा, वडील अर्धवट झोपेत सही करायचे. ती वही मला अजून आठवते.

म्हणून माझा सल्ला असा, की लेआउट, म्हणजे फळीवरची ही सगळी मांडणी, करायचा असेल तर रूळ नंतर घ्या. आधी कागदावर लिहा, इंजिन आलं, आता कोण काय करतं? मग ज्या क्रमानं काम, त्या क्रमानं जागा. शेडचा आणखी एक फायदा कंजूस माणसाला लगेच कळतो. जागा कमी लागते. माझा लेआउट आठ फूट बाय दोन फूट. त्यात गाडी धावू शकत नाही, पण चार इंजिनं दिवसभर काम करू शकतात. मेन लाइन एका पत्र्याच्या आड आहे. नाटकात विंगेतून पात्र येतं तसं इंजिन तिथून येतं आणि काम आटोपलं की तिकडंच जातं. हिंगोलीकडं गेलं असं समजायचं.

आता मापाचं बोलू, कारण इथं थोडा गंमतीचा हिशेब आहे. मराठवाड्याची जुनी मुख्य रेल्वे म्हणजे निजामाच्या काळातली, मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी. ती होती मीटर गेज, दोन रुळांत १००० मिलिमीटर. नव्वदच्या दशकात ती ब्रॉडगेज व्हायला लागली, पूर्णा-अकोला २००८ मध्ये झाली. बाजारात जे परदेशी रूळ सगळ्यात सहज मिळतात, ते एचओ मापाचे, साडेसोळा मिलिमीटर अंतराचे. एचओ म्हणजे खऱ्याच्या १/८७. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ नं भागा, सव्वाएकोणीस येतं. म्हणजे साडेसोळाच्या रुळावर भारतीय ब्रॉडगेज ठेवली की अंगापेक्षा पाय बारीक. त्याकडं लोक कानाडोळा करतात. पण साडेसोळाला ६० नं गुणा. ९९०! मीटरला फक्त दहा मिलिमीटर कमी. म्हणजे प्रमाण १/६० धरलं की तेच रूळ आपले मीटर गेजचे रूळ होतात. शिवाय १/६० म्हणजे एका इंचाला पाच फूट, गवंड्यालाही तोंडी करता येईल असा हिशेब. आठ फुटांची माझी फळी म्हणजे ४८० फुटांचं आवार.

एवढ्यावर थांबत नाही. मीटर गेजचा लाकडी स्लीपर १८०० मिलिमीटर लांब, ६० नं भागला की तीस. एचओ रुळाचा प्लास्टिकचा स्लीपर जवळपास तेवढाच. फक्त ते फार दाटीनं बसवलेले असतात, म्हणून खालची जाळी ब्लेडनं कापून एकेक सरकवावा लागतो. हे काम मी क्रिकेटच्या मॅच बघत केलं. त्यासाठी कसोटी सामनाच बरा.

इंजिन वायपी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वाय म्हणजे मीटर गेज, पी म्हणजे पॅसेंजर. मालगाडीचं ते वायजी. ब्रॉडगेजला डब्ल्यू, आणि लातूर-बार्शीकरांच्या अडीच फुटी गाडीला झेड. वायपी १९४९ पासून आली आणि जमशेदपूरच्या टेल्कोनं १९७० पर्यंत बनवली. तिचं मोठं चाक साडेचार फुटांचं, माझ्या मापात २३ मिलिमीटरला जरा कमी. एचओतल्या वेगवान परदेशी इंजिनांची चाकं नेमकी तेवढी असतात. म्हणून एक जुनं, बॉडी फुटलेलं इंजिन स्वस्तात घेतलं, चाकं आणि मोटर ठेवली, बाकी सगळं काढलं. बॉयलर २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा, केबिन पितळी पत्र्याची. टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, त्याच्यासकट लांबी साडेबारा इंचांच्या आसपास.

आता टर्नटेबल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात माझे पाच महिने गेले. खऱ्या शेडमध्ये हातानं ढकलायचं टर्नटेबल असेल तर इंजिन नेमकं मध्यावर तोलून उभं करावं लागायचं. तोल साधला की दोन माणसं शंभर टनांच्या आसपासचं धूड ढकलून फिरवतात. तोल चुकला की दहा माणसंही हलवू शकत नाहीत. ड्रायव्हर बोटभर पुढं, बोटभर मागं करायचा आणि खालचा माणूस हात वर करायचा. मी तेरा इंचांचा पूल केला, बेअरिंगला सायकलचा हब घातला. हब इतका छान फिरतो की सुरुवातीला इंजिन थांबेचना, पूल भोवऱ्यासारखा. मग आत थोडं घट्ट ग्रीस भरलं.

खरी अडचण विजेची. आपल्या रुळांतून बारा व्होल्ट डीसी जातं, एक रूळ धन, एक ऋण. पूल अर्धा फिरला की डावा रूळ उजव्या बाजूला येतो. धनासमोर ऋण. इंजिनाची पुढची चाकं पुलावर आणि मागची बाहेर असताना शॉर्ट. मी वायरमन शिकवणारा माणूस, हे कागदावर आधी यायला हवं होतं. आलं नाही. लोडशेडिंगच्या वैतागानं मी लेआउट इन्व्हर्टरच्या बॅटरीवर जोडला होता. अशी बॅटरी शॉर्टला किती करंट देते हे मी पोरांना वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं होतं. वायरीचं आवरण वितळून वास जिन्यापर्यंत गेला. बायको वर आली, काही बोलली नाही, खिडकी उघडून गेली. तेव्हापासून बॅटरीजवळ फ्यूज आहे. तुम्हीही आधी फ्यूज लावा, मग कौतुक करा. उपाय सोपा आहे. पुलाखाली पितळी कडं, ते दोन अर्ध्यांत कापलेलं, त्यावर दोन पत्ती घासतात. पूल अर्धा फिरला की पत्त्या आपोआप अदलाबदल होतात. कापाची जागा मात्र जिथं एकही रूळ येऊन मिळत नाही अशा बाजूला ठेवायची.

शेडमधल्या प्रत्येक लाइनीला वेगळा स्विच हवा, नाहीतर रेग्युलेटर फिरवला की चारही इंजिनं एकदम भिंतीकडं निघतात. डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाला आपला पत्ता असतो, स्विच लागत नाहीत. पण मला स्विच आवडतात. टकटक आवाज येतो.

आमचं हवामान हा वेगळाच फोरमन. माझी खोली गच्चीवर, पत्र्याची. जानेवारीत रूळ जोडाला जोड भिडवून घातले, अगदी गुळगुळीत. मे महिन्यात वर गेलो तर रुळाचा साप झाला होता. हिशेब केला तर आठ फूट रूळ तीस अंशांनी तापला तर वाढतो दीड मिलिमीटरसुद्धा नाही. पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात खालचं लाकूड आकसतं. वरचा लांबतो, खालचं आखडतं, मध्ये रूळ जाणार कुठं? हॅक्सॉ ब्लेडनं जोड कापले, प्रत्येक ठिकाणी लग्नपत्रिकेच्या जाडीची फट ठेवली. खऱ्या रेल्वेत जोडाला फट ठेवायचे ती याचसाठी, आणि जुन्या गाडीची खडखड तिथूनच यायची.

मातीची फजिती तर विचारू नका. म्हटलं अस्सल पाहिजे, शेतातली काळी माती आणली, चाळली, फेविकॉल-पाण्यात कालवून पसरली. दोन दिवसांनी बघतो तर फळीवर एप्रिलमधलं रान. बोटबोट भेगा! काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते, हे आपण जन्मल्यापासून बघतो, तरी मी ती फळीवर ओतली. शेवटी खरवडून काढली आणि चाचांचा प्रश्न आठवला. शेडमध्ये माती दिसतेच कुठं? खडीही दिसत नाही. सगळं राखेत, कोळशाच्या चुऱ्यात आणि तेलात बुडालेलं, रुळांची फक्त डोकी वर. मग गावाकडून चुलीची राख आणली, वस्त्रगाळ केली. राखेला भेग जात नाही. कोळसा मात्र इस्त्रीवाल्याचा चालत नाही, तो लाकडी, निस्तेज. दगडी कोळसाच हवा, कुटल्यावरही त्याचा कण चमकतो.

छपराचे पन्हाळी पत्रे फणीवर केले. हो, उवा काढायच्या फणीवर. मिठाईच्या डब्यातली ॲल्युमिनियमची ताटली कापून फणीच्या दातांवर ठेवली आणि काडीनं दाबत गेलो. दोन पन्हाळींतलं अंतर एक मिलिमीटरच्या वर, मापात जवळपास बरोबर. फणी दुकानदाराकडं मागितली तेव्हा त्यानं माझ्या टकलाकडं बघितलं, ते जाऊ द्या.

शेड झालं आणि चाचांना परत बोलावलं. आता त्यांना गुडघ्यामुळं जिना चढवत नाही, दोघांनी धरून आणलं. इंजिन खड्ड्यावर आणलं, थांबवलं. ते बघत राहिले. मी पुढं न्यायला हात घातला तर म्हणाले, "ठेरो. अभी राख गिर रही." पंधरा मिनिटं त्यांनी इंजिन हलू दिलं नाही. मग कोळशाकडं न्यायला सांगितलं.

कोळशापाशी माझं काम अडलं आहे, आणि तिथंच मी आज थांबणार. विकत मिळणारी माणसं परदेशी, टोप्या घातलेले पुरुष. माझ्या आठवणीतला कोळसा बाया टोपल्यांनी चढवायच्या, उतरत्या फळीवरून एकामागं एक. म्हणून तांब्याची तार आणि एम-सील घेऊन एकेक बाई करायला घेतली. उंची इंचभर. नऊवारीचा काष्टा सुईनं कोरला, डोक्यावर टोपली चिकटवली, आईला दाखवली. आई नव्वदीला आली आहे, एका डोळ्यानं दिसतं. तिनं भिंग लावून बघितलं आणि म्हणाली, "आरं, चुंबळ कुठंय? नुस्त्या डोक्यावर टोपली धरतंय का कुणी?"

चुंबळ माझ्या मापात होते तीन-साडेतीन मिलिमीटरची. आगपेटीच्या काडीवर शिवणाचा दोरा गुंडाळायचा, फेविकॉलचा थेंब, सुकला की काडीवरून सरकवून काढायचा. सहा झाल्यात. चार राहिल्यात.

इंजिन आणि एक बाई मी त्या टेबलावर ठेवली आहे. बघा, हात लावा, फक्त इंजिन टेंडरला धरून उचलू नका, जोड कच्चा आहे.