लू थेझ : ठरवलेल्या कुस्तीतला खरा पैलवान

[पडद्यावर अक्षरं : टोरांटो, 24 जानेवारी 1963]

मेपल लीफ गार्डन्समध्ये आज बडी रॉजर्सचा जगज्जेतेपदाचा बेल्ट पणाला लागलाय. सोनेरी रंगवलेले केस, भपकेबाज झगा, चालण्यात माज. न्यूयॉर्क आणि आसपासच्या शहरांत त्याच्या नावावर तिकिटं खपतात. हा बेल्ट त्याच्याच कमरेला राहावा अशी तिथल्या आयोजकांची इच्छा आहे. समोर उभा आहे 46 वर्षांचा लू थेझ. अंगावर काळी चड्डी, पायात बूट. बाकी थाट काही नाही.

प्रोफेशनल रेसलिंगचे निकाल आधी ठरतात, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. याही कुस्तीचा ठरला होता. रॉजर्सनं हरायचं होतं. पण तो ऐनवेळी शब्द फिरवेल, अशी धाकधूक होतीच. थेझनं पुढे सांगितलं, की त्यानं रिंगमध्येच रॉजर्सला बजावलं : सरळ हरतोस तर बरं, नाहीतर दुसरी रीतही मला येते. रॉजर्स सरळ हरला.

तो का हरला, हे कळायला 38 वर्षं मागे जावं लागेल.

[पडद्यावर अक्षरं : 1925]

एड ‘स्ट्रँगलर’ लुईस हा त्या काळचा अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला पैलवान. तो आणि त्याचे दोन भागीदार, बिली सँडो आणि टूट्स मोंट, यांनी गर्दी खेचण्यासाठी एक नवा चेहरा शोधला : वेन मन. मन अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. देह अवाढव्य, पण कुस्ती येत नव्हती. लुईस मुद्दाम त्याच्याकडून हरला आणि मन जगज्जेता झाला. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्याची गाठ पडली स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी.

झिबिस्को हे नाव आपल्या तालमींना नवं नाही. 1910 मध्ये लंडनला गामा पैलवानाशी ज्याची कुस्ती बरोबरीत सुटली आणि 1928 मध्ये पतियाळात ज्याला गामानं मिनिटाच्या आत चीत केलं, तोच हा पोलंडचा झिबिस्को. गामापुढे त्याचं काही चाललं नाही, पण मनपुढे त्याला अडवणारं कोण होतं? ठरल्याप्रमाणे त्यानं हरायचं होतं. रिंगमध्ये उतरल्यावर त्यानं खरीखुरी कुस्ती केली, मनला खाली घेतलं आणि किताब घेऊन गेला. पंचांकडे दाद मागायचीही सोय नाही. कारण मागणार काय? आमचं आधी ठरलं होतं म्हणून?

या धंद्याची खरी गोम इथे आहे. कुस्ती ठरवून करायची, तर जगज्जेता असा हवा की ज्याला ठरवल्याशिवाय कुणी हरवूच शकणार नाही.

[पडद्यावर अक्षरं : सेंट लुईस]

अ‍ॅलॉयशियस मार्टिन थेझचा जन्म 24 एप्रिल 1916 चा, मिशिगन राज्यातल्या बॅनट गावचा. वडील युरोपातून आलेले चांभार. सेंट लुईसमध्ये त्यांनी जोडे शिवले आणि पोराला ग्रीको-रोमन कुस्तीचे पहिले धडेही त्यांनीच दिले. पुढे त्याला वस्ताद मिळाले तेही एकेक नमुने. जॉर्ज ट्रॅगोस हा ग्रीक पैलवान समोरच्याची हाडं मोडायला मागेपुढे पाहत नसे. अ‍ॅड सँटेल जपानला जाऊन ज्युदोवाल्यांशी लढून आलेला. आणि तिसरा, खुद्द स्ट्रँगलर लुईस. सांधा कुठे आणि किती पिळला की माणूस शरण येतो, आणि आणखी किती पिळला की तो निखळतो, हे या तिघांना पाठ होतं. लोकांना रिंगमध्ये दिसणारी कुस्ती वेगळी आणि ही वेगळी. ही विद्या तिकीट काढून बघायला मिळत नसे.

29 डिसेंबर 1937 ला सेंट लुईसमध्येच एव्हरेट मार्शलला हरवून थेझ जगज्जेता झाला. वय 21. दोनच महिन्यांत बेल्ट गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. तो हिशोब सोडून देऊ. त्या काळात ‘जगज्जेते’ही एका वेळी तीन-चार असायचे.

हा गोंधळ मिटवायला 1948 मध्ये आयोवातल्या वॉटर्लू गावी आयोजकांची संघटना उभी राहिली : नॅशनल रेसलिंग अलायन्स, म्हणजे एनडब्ल्यूए. तिचा जगज्जेता ऑर्व्हिल ब्राउन. 1949 च्या नोव्हेंबरमध्ये थेझ आणि ब्राउन यांची लढत व्हायची होती. महिन्याच्या सुरुवातीलाच ब्राउनचा मोटार अपघात झाला, त्याची कुस्ती संपली आणि संघटनेनं किताब थेझला दिला.

आता त्याचं काम काय होतं ते बघा. अमेरिका-कॅनडात प्रत्येक आयोजकाचा आपापला मुलूख आणि प्रत्येक मुलखात एक लाडका स्थानिक पैलवान. जगज्जेत्यानं गावोगाव फिरायचं, त्या पैलवानाला तासभर झुंजवायचं, आता हा जिंकतोच असं लोकांना वाटू द्यायचं आणि बेल्ट घेऊन पुढच्या गावची गाडी पकडायची. एखाद्या आयोजकानं आपल्या माणसाला दगाबाजी करायला लावली, तर? तिथे सँटेल आणि ट्रॅगोसची विद्या उपयोगी पडे. बहुतेक वेळा ती वापरावीही लागत नसे. ती याच्याकडे आहे, एवढं समोरच्याला माहीत असलं की पुरे.

टीव्ही नुकताच घरोघरी शिरला होता. गॉर्जस जॉर्जसारखे नखरेल मल्ल लोकांना वेड लावत होते. त्या गर्दीत थेझ जवळजवळ कंटाळवाणा वाटावा. पण 21 मे 1952 ला लॉस एंजेलिसच्या गिलमोर फील्डवर त्यानं बॅरन मिशेल लिओनीला हरवलं, तेव्हा तिकिटांचा गल्ला 1 लाख डॉलरच्या वर गेला होता. अमेरिकेतल्या कुस्तीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

1957 च्या ऑक्टोबरमध्ये तो टोकियोला गेला. तिथला लाडका पैलवान रिकिदोझान याच्याबरोबरची 60 मिनिटांची कुस्ती बरोबरीत सुटली. जपानभर लोक टीव्हीला खिळून होते. परतल्यावर त्याला बेल्ट सोडायचा होता. रॉजर्सला दिला असता तर पैसा आला असता. थेझनं नाव सुचवलं डिक हटनचं. हटन कॉलेज कुस्तीत तीनदा विजेता, 1948 च्या ऑलिंपिकमध्ये उतरलेला, पण गर्दी खेचण्यात यथातथा. धंद्याच्या दृष्टीनं हा निर्णय चुकीचाच होता, असं मला वाटतं. पण रॉजर्सनं एकदा लुईसबद्दल हिणकस बोललेलं थेझच्या मनातून गेलं नव्हतं. वस्तादाचा अपमान. आपल्याकडच्या कुठल्याही तालमीत हे कारण समजावून सांगावं लागणार नाही.

[पडद्यावर अक्षरं : 1963 नंतर]

टोरांटोच्या त्या रात्रीनंतर न्यूयॉर्कच्या आयोजकांनी निकाल मानलाच नाही. एकाच फॉलवर, म्हणजे एकदाच चीत झाल्यावर, किताब कसा जाईल, अशी सबब पुढे केली आणि स्वतःची वेगळी संघटना काढली. त्यांच्यातला एक होता व्हिन्स मॅकमॅहन, आजच्या पिढीला ठाऊक असलेल्या मॅकमॅहनचे वडील. दुसरा टूट्स मोंट, 1925 मध्ये मनला पुढे करणारा तोच. ही संघटना म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई.

7 जानेवारी 1966 ला थेझ जीन किनिस्कीकडून हरला. वय 49. एनडब्ल्यूएचा बेल्ट पुन्हा त्याच्याकडे आला नाही. त्याचे सगळे कार्यकाळ एकत्र धरले, तर संघटनेच्या हिशोबानं 10 वर्षं 3 महिने 9 दिवस भरतात.

29 मे 1968 ला तो मुंबईत दारासिंगांशी लढला आणि हरला. दारासिंगांनी जगज्जेत्याला हरवलं, असं आपल्याकडे आजही अभिमानानं सांगतात. थेझ तेव्हा 52 वर्षांचा होता आणि एनडब्ल्यूएचा किताब जाऊन दोन वर्षं उलटली होती. तरी दारासिंग अस्सल कुस्तीगीर होते आणि त्यांच्याकडून हरण्यात आपल्याला काही गैर वाटलं नाही, हे त्यानं स्वतः नोंदवून ठेवलंय. रॉजर्सबद्दल तो असं कधी बोलला नसता.

[पडद्यावर अक्षरं : हामामात्सु, 26 डिसेंबर 1990]

शेवटची कुस्ती जपानमध्ये, वयाच्या 74 व्या वर्षी. समोर त्याचाच चेला मासाहिरो चोनो. पाय अडकवून पाठीवरून तोंड आवळायचा एसटीएफ हा डाव चोनोला थेझनंच शिकवलेला. ही कुस्ती चोनो जिंकला. 1992 च्या ऑगस्टमध्ये टोकियोत त्याच चोनोनं रिक रूडला हरवलं आणि एनडब्ल्यूएचा जगज्जेतेपदाचा बेल्ट कमरेला बांधला. थेझ तेव्हा 76 वर्षांचा होता.