तेलाच्या थेंबावरचा आकडा

काळोखात हा चमकता ठिपका हळूहळू खाली उतरतोय. घड्याळात घालतात त्या तेलाचा हा थेंब, मिलिमीटरच्या जेमतेम एक-दोन हजारांश आकाराचा. आता वरच्या-खालच्या धातूच्या तबकड्यांना काही हजार व्होल्टचा दाब दिला. थेंब थबकला... आणि उलटा वर चढू लागला.

साल १९०९. अमेरिकेतलं शिकागो विद्यापीठ, रायर्सन प्रयोगशाळा. दुर्बिणीला डोळा लावून बसलेत भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी हार्वे फ्लेचर.

इलेक्ट्रॉन सापडून तेव्हा बारा वर्षं झाली होती. १८९७ मध्ये केंब्रिजच्या जे. जे. थॉमसन यांनी तो शोधला, पण त्यांच्या हाती लागलं ते विद्युतभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर. नुसता भार किती, हे नेमकं ठरायचं होतं. काहींना तर शंका होती, की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा भार सारखाच असतो कशावरून? आपण मोजतोय ती सरासरी असली तर?

मिलिकन आधी पाण्याचे थेंब वापरत. ते बघता बघता वाफ होऊन जात. फ्लेचर यांच्या आठवणीप्रमाणे, त्यांनी औषधांच्या दुकानातून अत्तर फवारायची बाटली आणि घड्याळाचं तेल आणलं, आणि काम मार्गी लागलं. तेलाचा थेंब तासन्‌तास टिकतो. तो किती वेगाने पडतो यावरून आकार कळतो, किती वेगाने चढतो यावरून थेंबावरचा विद्युतभार.

खरी गंमत पुढे आहे. हवेतला एखादा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, थेंबाला चिकटला, की त्याचा वेग एकदम बदलतो. हळूहळू नाही, झटक्यात. असे शेकडो झटके मोजले, तर प्रत्येक बदल एकाच आकड्याच्या पटीत निघतो. साखर हवी तेवढी तोलून घ्या. अंडं मात्र अर्धं कुणी देत नाही. विद्युतभार अंड्यांच्या जातीचा निघाला.

१९१० चा तेलाच्या थेंबांवरचा निबंध एकट्या मिलिकन यांच्या नावावर छापला गेला. त्या बदल्यात फ्लेचर यांना दुसऱ्या निबंधाचं एकट्याचं श्रेय मिळालं, ज्यावर त्यांना पीएचडी मिळाली. सौदा मिलिकन यांनीच सुचवला होता. फ्लेचर यांनी ही हकीगत लिहून ठेवली. ती बाहेर आली त्यांच्या मृत्यूनंतर, १९८२ मध्ये. नोबेल मिलिकन यांना १९२३ मध्येच मिळालं होतं.

आणखी एक खटकणारी गोष्ट. १९१३ च्या निबंधात ५८ थेंब आहेत. सलग ६० दिवसांत तपासलेले सगळे थेंब हेच, निवडून घेतलेले नव्हेत, असं मिलिकन लिहितात. त्यांच्या वह्यांमध्ये मात्र याहून बरेच जास्त थेंब नोंदलेले आहेत. वगळलेले थेंब धरले तरी उत्तर फारसं हलत नाही, पण विधान खरं नव्हतं ते नव्हतंच.

त्यांचा आकडा खऱ्यापेक्षा अर्ध्या टक्क्याच्या आसपास कमी आला. हवेच्या चिकटपणाची किंमत त्यांनी किंचित चुकीची धरली होती. आज हा भार मोजावा लागत नाही. २० मे २०१९ पासून तो व्याख्येनेच ठरवून टाकलाय: १.६०२१७६६३४, भागिले १ वर १९ शून्यं, इतके कूलोम (कूलोम हे विद्युतभाराचं एकक).

मग अर्धं अंडं कधीच नाही? १९६४ मध्ये मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी क्वार्क मांडले, म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते आणखी मूलभूत कण. एकाचा भार या आकड्याच्या दोन-तृतीयांश, दुसऱ्याचा उणे एक-तृतीयांश. पहिल्या जातीचे दोन आणि दुसऱ्या जातीचा एक मिळून प्रोटॉन होतो. बेरीज बरोबर एक. पण सुटा क्वार्क आजवर कुणाला सापडलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेने मिलिकन यांचाच प्रयोग यंत्रांवर सोपवून कोट्यवधी थेंब तपासले, तरीही नाही.

राहतो तो मोठा प्रश्न. प्रोटॉन तीन क्वार्कचा. इलेक्ट्रॉनच्या पोटात काहीच आढळलेलं नाही. तरी दोघांचे भार उलट चिन्हांचे आणि अगदी तंतोतंत सारखे कसे? महाएकीकरणाचे सिद्धांत, म्हणजे गुरुत्वाकर्षण सोडून निसर्गातली मूलभूत बलं मुळात एकच मानणारे, याचं उत्तर देतात, पण त्यांच्या मते प्रोटॉन कधीतरी फुटायला हवा. जपानमध्ये डोंगराखालच्या ५० हजार टन पाण्याच्या टाकीत, सुपर-कामिओकांदे इथे, १९९६ पासून त्याची वाट पाहिली जातेय. अजून एकही फुटलेला दिसलेला नाही.