तलावाभोवतीचं काँक्रीट स्वतः ओतताना

आधी हिशेब करू, म्हणजे काहीजणांचा उत्साह इथेच आटोक्यात येईल. घरचा पोहण्याचा तलाव १० मीटर लांब, ५ मीटर रुंद धरा. भोवती १.२ मीटर रुंदीची पट्टी केली तर ती होते जवळजवळ ४२ चौरस मीटर. जाडी १०० मिलिमीटर. म्हणजे चार घनमीटरांहून थोडं जास्त काँक्रीट, वजनाने सुमारे १० टन. हा सगळा माल आवळायला लागायच्या आत पसरून, सरळ फळी ओढून, गुरमाळा (सपाट करायची थापी) फिरवून व्हायला हवा. दोन-तीन माणसांना एका दमात हे झेपत नाही. चार बाजू, चार पाळ्या. कुठेतरी सांधे द्यायचेच असतात, मग काम तिथेच तोडायला काय हरकत आहे?

माझं मत विचाराल तर ओतणं हा या कामाचा सोपा भाग. बिघडतं ते त्याच्या खाली. तलावासाठी खड्डा खणतात तो भिंतीपेक्षा मोठा, आणि भिंत उभी राहिल्यावर ती मोकळी जागा मातीने बुजवतात. तुमची पट्टी नेमकी त्या भरावावर बसणार! भराव सैल असला की पाणी मुरून तो खचतो, आणि वरचं काँक्रीट तलावाकडे कलतं, नाहीतर तुटतं. सैल माती काढा. मुरूम १५० मिलिमीटरच्या थरांनी टाका, किंचित ओला करा, प्रत्येक थर धुमसाने चोपा. भिंतीलगत हातानेच, जड यंत्र तिथे नको. त्या वेळी तलाव भरलेला असावा, आतल्या पाण्याचा दाब भिंतीला आधार देतो.

ढाळ तलावापासून बाहेरच्या बाजूला, मीटरला २० मिलिमीटर. तो शटरिंग (ओलं काँक्रीट अडवणाऱ्या फळ्या) लावतानाच साधायचा. काँक्रीट पडल्यावर ढाळ काढू म्हणणाऱ्याच्या अंगणात डबकी साचतात.

आता ज्याबद्दल मी जरा हट्टी आहे ते सांगतो. तलाव आणि ही पट्टी ही दोन वेगळी बांधकामं आहेत. त्यांना चिकटवू नका. मध्ये १२ मिलिमीटर जाडीची फोमची पट्टी उभी ठेवा आणि नंतर वरचा भाग लवचीक सीलंटने बंद करा. ती फट सिमेंटने लिंपून टाकणारे गवंडी पुष्कळ आहेत. काम देखणं दिसतं, घरमालकही खूश. पण १० मीटर लांबीचं काँक्रीट ३० अंशांनी तापलं तर सुमारे ३ मिलिमीटर वाढतं. जागा मिळाली नाही की ते तलावाच्या काठाला रेटतं आणि काठाच्या फरशा सुटतात.

पट्टीतल्या भेगांचंही तसंच. त्या पडणारच, कुठे पडाव्यात एवढं आपण ठरवायचं. पट्टी अरुंद असल्याने साधारण १.८ मीटरवर एक काप, जाडीच्या चौथाईइतका खोल. तलावाच्या चारही कोपऱ्यांशी काप हवाच, कारण भेग कोपऱ्यातूनच निघते.

माल घट्ट वाटला की बादलीभर पाणी ओतायचा मोह होतो. त्याने ताकद घटते आणि सुकताना आकुंचन वाढतं. पसरल्यावर पृष्ठभागावर आपोआप पाणी सुटतं. ते उडून जाईपर्यंत गुरमाळा हातात घेऊ नका, नाहीतर वरचा पापुद्रा पुढे सुटतो. शेवटी ओल्या काँक्रीटवरून झाडू ओढा. गुळगुळीत फिनिश फोटोत शोभतं, ओल्या पायाखाली नाही. मग गोणपाट टाकून किमान ७ दिवस ओल टिकवायची.

एक चिठ्ठी आली आहे: सळ्या टाकल्या तर भेगा पडणार नाहीत ना? पडतील. सळई भेग रुंदावू देत नाही एवढंच, आणि तेही ती जाडीच्या मध्यावर किंवा थोडी वर असेल तर. जमिनीवर लोळणारी सळई वाया गेली. सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, वापरा. त्याच सळ्या, शिडी, पंपाचे धातूचे भाग तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडायचे असतात, म्हणजे ओल्या अंगाने दोन ठिकाणी स्पर्श झाला तरी त्या दोहोंतल्या विजेच्या दाबातल्या फरकाचा धक्का लागत नाही. हे मात्र स्वतः करू नका. जाणता इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि माल कालवण्याआधी बोलवा. नंतर ती तार टाकायची तर पट्टी फोडावी लागते.